लिफ्टमनची दिवंगत बायको

“बॉम्बला सुरकुती चालत नाही, बाई,” राखवाला म्हणाला. “परत एकदा फिरवा इस्त्री.”

शिवणबाईंनी चादर उजेडाकडे धरून पाहिली. दवाखान्याच्या तळघरातल्या कपड्यांच्या खोलीत त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे गाऊन, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं आणि ठिगळं लावून परत वर जायचं. पण बॉम्बला इस्त्री करायची ही पहिलीच खेप.

“हा बॉम्ब?”

“हाच. याच्यामागं मोठा दिवा लावायचा, पुढं कॅमेरा. फट् करून सगळं पांढरं. मग एकदम राख. राख माझ्याकडं.”

“आणि आवाज?”

“आवाज नाही. मॅडम म्हणतात, आवाज नसला की माणूस जास्त घाबरतो. शिवाय स्वस्तात पडतं.”

शिवणबाईंनी इस्त्रीवर थेंबभर पाणी उडवून पाहिलं, चुर्र झालं, आणि त्या शहराच्या विनाशाला पुन्हा भिडल्या. कोपरे त्यांनी जरा जास्तच दाबले. उद्या सगळं जग संपायचंच असेल तर निदान आपल्या खात्याकडून तक्रारीला जागा राहू नये.

दवाखान्याची जुनी इमारत रिकामी होत आली होती. शेवटचे दोन वॉर्ड नव्या इमारतीत गेले की ती पाडायची होती, तोवर एका सिनेमावाल्या मॅडमनी ती भाड्याने घेतली होती. सिनेमा अणुयुद्धाचा. पण सिनेमासारखा नाही, बातम्यांसारखा. म्हणजे युद्ध खोटं, पण पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे की कुणीतरी कॅमेरा घेऊन खरंच त्यातून धावलं आणि वाचलेल्या माणसांना गाठून प्रश्न विचारले. त्यासाठी हवामानाच्या बातम्या वाचणाऱ्या एका गृहस्थांचा आवाज आणला होता. ‘तिसऱ्या दिवशी शहरात पिण्याचं पाणी उरलं नव्हतं,’ हे वाक्य ते ‘उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील’ अशा सुरात म्हणायचे आणि ऐकणारा आपली पाण्याची बाटली चाचपून बघायचा. कॅमेरावाल्याचा हात जन्मजात स्थिर. त्याला हात हलवायला शिकवण्यात मॅडमचे दोन दिवस गेले.

नट मात्र एकही नव्हता. नर्सच्या कामाला नर्स, पहारेकऱ्याच्या कामाला पहारेकरी.

शिवणबाईंना या सगळ्याचं भारी कुतूहल. त्यांनी मॅडमना थेट विचारलं होतं, “खोटंच दाखवायचं तर नट का नाही घेत? त्यांना सवय असते.”

“नट रडला की लोक म्हणतात, वा, काय रडलाय,” मॅडम म्हणाल्या होत्या. “मला तसं नकोय. लोकांनी म्हटलं पाहिजे, अरे, हा तर आपल्या लिफ्टमधला!”

लिफ्टमधला म्हणजे शिवणबाईंचा नवरा. हे मॅडमना ठाऊक नव्हतं. त्यांना माणसं हुद्द्यानं ठाऊक होती, नात्यानं नव्हती. आणि शिवणबाईंनी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

बॉम्ब छान झाला. गडबड झाली ती बॉम्बनंतरच्या चादरींची. राखवाल्याने मेणबत्त्या, तापलेल्या सळया आणि चहाचं पाणी वापरून चादरींचा एक ढीग असा काही जाळला, डागाळला होता, की पाहून भडभडून यावं. वरच्या खोलीला कुलूप नव्हतं म्हणून संध्याकाळी त्याने तो ढीग शिवणबाईंच्या खोलीत आणून ठेवला. ठेवला तो नेमका दुरुस्तीच्या टोपलीत.

त्या टोपलीत पडलेली वस्तू शिवल्याशिवाय बाहेर जात नाही. सकाळी शिवणबाई आल्या, टोपली पाहिली, “काय रे बाबा, एवढं कुणी जाळलंय,” म्हणाल्या आणि मशीनवर बसल्या. हात चालू, डोकं नव्या इमारतीत खिडकी मिळेल का याच्या विचारात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अणुयुद्धाचा बराचसा निकाल लागला होता.

दुपारी राखवाल्याने वॉर्ड लावला. खिडक्या फुटलेल्या, भिंती काळ्या, छताला भगदाड, आणि प्रत्येक खाटेवर चौकोनी, कडा दुमडून बारीक टीप मारलेल्या ठिगळांची चादर. मेट्रन सहज डोकावल्या आणि म्हणाल्या, “हा वॉर्ड आधी कधी इतका नीट नव्हता हो!”

मॅडम दारात उभ्या राहिल्या. खाटा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या. मग म्हणाल्या, “हे कुणी केलं?”

“टोपलीत होतं,” शिवणबाई म्हणाल्या.

“बाई, बॉम्ब पडलाय! लाखो माणसं मेलीत!”

“हो, पण टोपलीत होतं.”

राखवाला कपाळाला हात लावून बसला. हात राखेचा होता, त्यामुळे कपाळही गेलं. शेवटी असं ठरलं की ज्याने शिवलं त्याने उसवावं. म्हणून दुसऱ्या दिवशी शिवणबाई जुन्या वॉर्डात, पडद्यामागे, ब्लेड घेऊन आपल्याच हातच्या ठिगळांची एकेक टीप कापत बसल्या होत्या. आपलं चांगलं काम आपणच बिघडवायचं म्हणजे जिवावर येतं. त्या इतक्या नाखुशीने उसवत होत्या की पडद्यापलीकडे खुर्ची ठेवली, दिवे लावले, माणूस बसवला, याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. लक्ष गेलं ते खोकल्याने. तो खोकला त्यांच्या घरातला होता.

“हे बघा, लिफ्टमन,” मॅडम समजावत होत्या. “पाठांतर काही नाही. मी फक्त प्रसंग देते. तुमची बायको घरी होती. घर राहिलं नाही. आता तिसरा आठवडा चालू आहे. लिफ्ट बंद आहे, तरी तुम्ही रोज कामावर येता. बोला.”

“घरी कशी?” लिफ्टमनने विचारलं. “ती कामावर असते.”

“समजा, सुट्टी होती.”

“ती सुट्टी घेत नाही. ताप असला तरी येते.”

“अहो, समजा!”

लिफ्टमनने समजून घेतलं. कॅमेरा सुरू झाला. पडद्यामागे शिवणबाईंचा हात थांबला. आपण मेलो आहोत हे कळल्यावर माणूस साधारणपणे काम थांबवतोच.

लिफ्टमन बोलत नसे. म्हणजे मुका नव्हता. ‘आलो’, ‘हं’, ‘झोपतो’ हे तो स्वच्छ म्हणायचा. दिवसभर लोकांना ‘कितवा?’ एवढंच विचारून त्याची बाकीची भाषा गंजली असावी. त्यांच्या संसारातलं सगळं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं आणि पत्त्याला जागा उरली असती. त्यामुळे आता हा काय बोलणार म्हणून शिवणबाईंनी कान पडद्याला लावला.

पलीकडे खुर्ची करकरली. मग आवाज आला.

“लिफ्टला लाइट नाही. पण आत माझं स्टूल आहे. घरी आता बसायला काही नाही, म्हणून येतो.” खुर्ची परत करकरली. “ती विचारायची. घरात पाऊल टाकलं की पहिलं तेच. आज कोण कोण होतं लिफ्टमध्ये? मग मी सांगायचो. एक माणूस वर जाताना रडत होता, खाली येताना हसत होता. एक आजोबा नुसतेच वरखाली करत होते, त्यांना उतरायचंच नव्हतं कुठं. असं सांगितलं की ती हसायची. फार मोठ्यानं. शेजारचे भिंत ठोकायचे.”

कॅमेरावाला हात हलवायचं विसरला.

“वीज कडाडली की घाबरायची. माझा हात धरायची. मी म्हणायचो, काही नाही होत, लांब पडलीय. आता कडाडली, तर कुणाला सांगू, लांब पडलीय म्हणून?”

मॅडम ‘कट’ म्हणाल्या, पण आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तशा आवाजात. राखवाल्याने नाक पुसलं आणि त्याला मिशा आल्या.

पडद्यामागे शिवणबाई गार पडल्या होत्या. त्यांनी आयुष्यात कधी ‘लिफ्टमध्ये कोण होतं’ असं विचारलं नव्हतं. त्या मोठ्याने हसत नसत, हसल्याच तर नाकातून. आणि विजेला घाबरायचा तो! पहिला गडगडाट झाला की पांघरूण डोक्यावरून घेऊन भिंतीकडे सरकायचा. त्यांच्या मनात रडू नंतर आलं. आधी प्रश्न आला, आणि तो चांगलाच टोकदार होता.

मेली ती कोण?

घरी जेवताना त्यांनी विषय काढला.

“आज शूटिंग होतं म्हणे तुमचं?”

“हं.”

“बायको गेली म्हणे तुमची.”

“हं.”

“कशी होती?”

लिफ्टमनने घास संपवला. “बरी होती,” तो म्हणाला.

“घाबरट होती का?”

आता त्याने वर पाहिलं. “तू होतीस तिथं?”

“पडद्यामागं. ठिगळं उसवत होते.”

“सांगायचंस की.”

“काय सांगू? मधेच उठून, अहो थांबा, मी जिवंत आहे?”

लिफ्टमनचे कान लाल झाले. तो ताट उचलून मोरीकडे गेला आणि नळाच्या आवाजाआडून म्हणाला, “सिनेमातलं होतं ते.”

एवढ्यावर शिवणबाईंचं समाधान होणं शक्य नव्हतं. कापडाला भोक दिसलं की ते कुठून सुरू झालं हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी नणंदेला फोन लावला.

“ताई, एक विचारू? लग्नाआधी यांचं कुणी होतं का?”

“कुणी म्हणजे?”

“म्हणजे कुणी. मोठ्यानं हसणारी. विजेला घाबरणारी.”

नणंदेला खोकला येईस्तोवर हसू आलं. “त्याचं? अगं, शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणायला याचं तोंड उघडायचं नाही. हात वर करायचा. मास्तरांचं लक्ष नसलं की गैरहजर! एक अख्खं वर्ष असाच वर्गात बसून गैरहजर होता तो. त्याला कोण भेटणार? तूच भेटलीस, ते आम्ही भेटवलं म्हणून.”

म्हणजे दुसरी कुणी नव्हती. शिवणबाईंना हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. दुसरी असती तर निदान हिशेब लागला असता. आता उरलं ते त्याहून वाईट. उद्या आपलं खरंच काही झालं, बॉम्ब राहू दे, साधं जिन्यावरून पाय घसरून, तर या माणसाकडे आपल्याबद्दल सांगायला काही आहे की नाही? की इतकी वर्षं एका छपराखाली काढून त्याला बायको उसनी आणावी लागणार?

सकाळी त्या मॅडमपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“मलापण बोलायचंय. कॅमेऱ्यासमोर.”

मॅडम उसवलेल्या चादरींवर खूश होत्या. “बसा ना. प्रसंग काय द्यावा तुम्हाला? मिस्टर गेले असं धरू?”

“चालेल,” शिवणबाईंनी नवऱ्याच्या मरणाला तत्काळ संमती दिली.

“कसे गेले?”

“कसेही.”

राखवाला डबा घेऊन आला. “बाईंना किती? थोडी की भरपूर?”

“नेहमीची,” मॅडम म्हणाल्या, आणि शिवणबाईंच्या केसांवर चाळणीने राख पडली.

काय बोलायचं ते त्यांनी पक्कं केलं होतं. नवऱ्यासारखं काहीबाही नाही, जे आहे ते. ते बोलत नसत. डबा रिकामा आणत, पण कसा होता ते सांगत नसत. विजेला घाबरत. पायमोजे उलटे काढून टाकत. संपलं. मेलेल्या माणसाबद्दल खरं कसं बोलतात ते त्याला सिनेमात पाहूनच कळू दे.

दिवा लागला. हवामानवाले गृहस्थ कोपऱ्यात पाणी पीत होते, तेही थांबले.

“ते फार बोलायचे,” शिवणबाई म्हणाल्या.

आणि दचकून त्यांनी कोण बोललं म्हणून बाजूला पाहिलं. बाजूला कुणी नव्हतं.

“म्हणजे... घरात आले की सुरू. मी म्हणायची, अहो, श्वास घ्या जरा. ऐकायचे नाहीत.” वाक्यं येत होती आणि शिवणबाई त्यांच्यामागून ओढल्यासारख्या जात होत्या. “माझी पाठ दुखते. मशीनवर वाकून वाकून. ते विचारायचे, आज पाठ कशी आहे? मी म्हणायची, आहे तशीच. मग म्हणायचे, बस जरा. काही करायचे नाहीत हं त्यावर. दाबून वगैरे देणार नाहीत. नुसतं म्हणायचे. बस जरा.”

इथे त्यांनी मान वर केली. समोरचं भिंग काळंभोर होतं. त्यात त्यांना एक छोटीशी, राखेने माखलेली बाई दिसली, आणि ती धडधडीत खोटं बोलत होती. रागाने नाही, मजेने नाही. कापड विरलं असेल तर त्यालाच धरून रफू करता येतं. पण जिथे कापडच नाही, तिथे दुसरीकडचा तुकडा आणावा लागतो. एवढं तर त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं. मग काल पडद्यामागे बसून कसं कळलं नाही?

“आता कुणी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “तरी मी बसते अधूनमधून.”

मॅडम ‘कट’ म्हणायलाच विसरल्या. ते काम शेवटी राखवाल्याने केलं. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, आणि तेव्हा शिवणबाईंना दारात लिफ्टमन दिसला. खांद्यावर दिव्याचा जड स्टँड होता. तो वर पोचवायला आलेला, आणि कधीपासून तसाच उभा होता कुणास ठाऊक. स्टँड खाली ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं.

“अप्रतिम!” मॅडम पुढे झाल्या. “बाई, हे तुम्ही कुठून आणलंत? तुमचे मिस्टर खरंच इतके बोलतात?”

“नाही.”

“काय करतात ते?”

“लिफ्टमन आहेत.”

“अरे वा, कुठल्या...” मॅडमनी दाराकडे पाहिलं. मग शिवणबाईंकडे. मग पुन्हा दाराकडे. “म्हणजे तुम्ही यांच्या...?”

“दिवंगत,” शिवणबाई म्हणाल्या.

राखवाला खाली बसला.

मॅडमच्या चेहऱ्यावर आधी आनंद, मग लाज, मग चिंता असं सगळं येऊन गेलं. “पण मग हे जमत नाही हो,” त्या म्हणाल्या. “नव्या इमारतीतली सगळी माणसं सिनेमा बघणार. यांची बायको मेलीय आणि तुमचा नवरा मेलाय. एकाच युद्धात दोघांनी एकमेकांच्या मागं कसं उरायचं? लोक हसतील. एकाला काढावं लागेल.”

“कुणाला?” शिवणबाईंनी विचारलं.

“तेच कळत नाहीये. दोन्ही इतकी चांगली आहेत.” मॅडम खरोखर पेचात पडल्या होत्या. त्यांनी हवामानवाल्यांकडे पाहिलं. त्या गृहस्थांना आजवर हवेबद्दल सोडून कशावर मत विचारलं गेलं नव्हतं. त्यांनी ग्लास तोंडाला लावला.

“हिला ठेवा,” दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. लिफ्टमनने आता स्टँड खाली ठेवला होता.

“विचार करून सांगा हं,” मॅडम म्हणाल्या. “तुमचा तुकडा जाईल. तुम्ही सिनेमात कुठंच दिसणार नाही. फक्त नाव... नाव पण नाही. ‘नवरा’.”

“चालेल,” लिफ्टमन म्हणाला. “हिला राहू दे.”

शिवणबाई खुर्चीवरून उठायला गेल्या आणि परत बसल्या. पाठीमुळे असेल.

संध्याकाळी दोघं फाटकातून बाहेर पडले. बसथांब्यावर बस उभी होती. लिफ्टमन तिच्या शेजारून सरळ पुढे चालत गेला, म्हणून शिवणबाईही गेल्या. केस झटकूनही राख निघाली नव्हती. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती आणि ही बाई एवढ्यात इतकी कशी पिकली म्हणून विचारात पडत असतील.

चौक ओलांडला तेव्हा लिफ्टमनने घसा साफ केला.

“लिफ्टच्या दोराला ना,” तो म्हणाला, “ग्रीस लावतात.”

“हो?”

“घट्ट असतं. बोटाला लागलं की निघत नाही. रॉकेलनं निघतं.”

“अच्छा.”

“नव्या इमारतीत तसं नसेल. तिथं बटणं आहेत. माणूसच नाही.” त्याने आणखी थोडा विचार केला. “तसं आहे ते.”

इथे त्याच्याकडचं बोलणं संपलं. दोघं दहा-वीस पावलं चालले. शिवणबाईंनी तिरक्या नजरेने पाहिलं. तो घामाघूम झाला होता. ओठ हलत होते, काही सापडत नव्हतं. जड सामान वर चढवताना वीज गेली की त्याचा चेहरा असाच व्हायचा. त्याने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि मग तोंड उघडलं.

“चष्मे मिळतील,” तो म्हणाला. “डोळे तपासून मिळतील.”

शिवणबाईंना आधी उमगलं नाही. मग त्यांनी वर पाटी पाहिली.

“चाव्या बनवून मिळतील. डुप्लिकेट, तातडीने.” त्याचा आवाज जरा मोकळा झाला. “जुने फर्निचर घेतले जाईल. येथे सायकली लावू नयेत. लावल्यास हवा सोडण्यात येईल.”

समोरून येणारं एक जोडपं त्याला वाट देऊन बाजूला झालं. लिफ्टमन थांबला नाही. फोटो स्टुडिओ झाला, दंतवैद्य झाला, दंतवैद्याच्या वेळा झाल्या. शिवणबाईंनी चाल मंद केली, म्हणजे पाट्या पुरतील. दातांच्या वेळांवर त्यांना हसू आलं. ते नाकातूनच आलं. तेवढ्याने त्याने दंतवैद्य पुन्हा एकदा वाचला.

पुढे एक दुकान कायमचं बंद झालेलं होतं. पाटी काढून नेलेली, नुसतं करड्या रंगाचं शटर. लिफ्टमन त्याच्यासमोर आला आणि उभा राहिला.

“इथं काही लिहिलेलं नाही,” तो म्हणाला.

शिवणबाईंनी त्याच्या खांद्यावरची राख झटकली. ती त्यांच्याच केसांतून उडून तिथे पडली होती.

“मग पुढचं वाचा,” त्या म्हणाल्या.